वनरक्षक म्हणू नका! फॅन्टसीतल्या राखणदारांची नावं आणि पदव्या कशा घडवायच्या

माझ्या पहिल्या फॅन्टसी कथेत एक शापित जंगल होतं आणि त्याच्या तोंडाशी हजार वर्षं उभा असलेला एक महाकाय पुरुष. त्याचं नाव मी मोठ्या अभिमानाने ठेवलं: 'महान वनरक्षक'. मामेबहिणीने दोन पानं वाचली आणि विचारलं, "ह्याची भरती कुठल्या वर्षीची? धावण्यात पास झाला होता का?" ती स्वतः त्या दिवसांत वनरक्षक भरतीचा फॉर्म भरून बसली होती. हजार वर्षांचा पुरुष तिथेच खलास.

मग मी यादी करून पाहिली. राखण करणाऱ्यासाठी पटकन सुचणारे जवळजवळ सगळे शब्द आपल्याकडे आधीच नोकरीला लागलेले आहेत. जीवरक्षक समुद्रकिनाऱ्यावर शिट्टी वाजवतो. अंगरक्षक मंत्र्याच्या मागे काळा चश्मा लावून चालतो. संरक्षक म्हटलं की पुढे 'भिंत' येते. पालक शाळेच्या सभेला जातो, जिल्ह्याचा मंत्री होतो आणि मंडईत जुडीने मिळतो. इंग्रजी फॅन्टसी वाचून वाढलेला नवा लेखक 'गार्डियन' हा शब्द डोक्यात घेऊन शब्दकोश उघडतो, तिथे ह्यांतलाच एखादा शब्द सापडतो, आणि त्याला 'महान', 'अमर' नाहीतर 'छाया' जोडून तो मोकळा होतो.

कादंबरी लिहीत असाल किंवा मित्रांच्या टोळक्यात पटावरचा भूमिका-खेळ चालवत असाल, तरी खालच्या पायऱ्या कामी येतील. क्रम शक्यतो मोडू नका. बहुतेक जण चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

१. आधी क्रियापद

नाव बाजूला ठेवा. तुमचा राखणदार नेमकं काय करतो, ते एका क्रियापदात लिहा. 'रक्षण करतो' चालणार नाही, ते सरकारी उत्तर झालं.

शेत राखतात, गुरं राखतात. त्यात दिवसभर एका जागी बसणं आहे, हाळी देणं आहे, गोफण आहे. काचेचं भांडं, लहान मूल किंवा गुपित जपतात. जपणाऱ्याच्या हाताला मऊपणा लागतो. वेशीवरचा अडवतो. रात्रीचा जागतो, म्हणूनच त्याला जागल्या म्हणायचे. पाठीराखा समोर येत नाही, तो मागे उभा असतो. कैवारी तुमची बाजू घेऊन भांडतो. आणि 'वाली' हा शब्द तर आपण बहुतेक वेळा तो नसतानाच वापरतो: 'त्या पोरांना कोणी वाली उरला नाही.' ह्या प्रत्येक शब्दात वेगळा माणूस उभा आहे. अंगकाठी वेगळी, बसण्याची जागा वेगळी, हातातली वस्तू वेगळी.

क्रियापदातून नाव कसं निघतं ह्याची एक जबरदस्त गोष्ट वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात आहे. ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि ते राखायला काही जीव निर्माण केले. त्यांतले काही म्हणाले 'रक्षामः', आम्ही राखू. काही म्हणाले 'यक्षामः', आम्ही पुजू. पहिले झाले राक्षस, दुसरे यक्ष. म्हणजे ह्या कथेतला राक्षस मुळात पाण्याचा राखणदार आहे! राखता राखता तो कधी बिघडला, हे तुमच्या कथेचं बीज होऊ शकतं. मी तरी रक्षक-राक्षस ह्या जोडीवर अजून कथा लिहिलेली नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी.

वहीत हे वाक्य लिहा आणि रिकाम्या जागा भरा: 'हा अमुक गोष्टीला अमुक संकटापासून अमुक करून वाचवतो.'

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी आपण एकच राखणदार धरू. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, वरच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाटातून जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं मानलं जातं. तो रांजण पाहून मला आपल्या काल्पनिक देशातला एक घाट सुचला. नऊ वळणांचा, कायम धुक्यात असलेला. मिठाचे बैल घेऊन वर जाणारा प्रत्येक जण पायथ्याच्या रांजणात एक खडा टाकतो आणि परत उतरला की एक खडा उचलून नेतो. संध्याकाळी रांजणात जे खडे उरतील, तितकी माणसं अजून घाटात आहेत. त्या रांजणापाशी बसणारा आपला राखणदार. त्याच्याकडे तलवार नाही. त्याचं क्रियापद आहे: मोजतो.

२. शब्द कोणत्या पेटीतला?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठीच्या घरात शब्दांच्या तीन पेट्या आहेत. नाव कोणत्या पेटीतून काढलं, ह्यावरून वाचकाला न सांगता कळतं की ह्या राखणदाराला कोणी नेमलं.

पहिली देशी पेटी. राखण, जागल, वेस, बांध, पांढर, म्हसोबा, वेतोबा, वाघजाई. हे गावाने नेमलेले. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड म्हणजे म्हसोबा, त्याला ना देऊळ लागतं ना पुजारी.

दुसरी पेटी फारसी-अरबी वळणाची, राजदरबाराची. किल्लेदार, हवालदार, सरनोबत, सबनीस, कोतवाल. (कोतवाल दिसतो दरबारी, पण त्याच्या पोटात संस्कृत 'कोट्टपाल' आहे, कोटाचा राखणदार. शब्दही वेषांतर करतात.) ही माणसं पगारी. त्यांच्याकडे शिक्का असतो, किल्ल्यांचा जुडगा असतो आणि त्यांची बदली होऊ शकते. शिवकाळात गडावर एकच माणूस सर्वेसर्वा नसायचा. हवालदार, सबनीस, सरनोबत अशा तिघांत कारभार वाटलेला असे आणि कोठाराला कारखानीस वेगळा. तटाची जबाबदारी तटसरनोबतांकडे. 'तटसरनोबत' हा शब्द तोंडात घोळवून पाहा. तट आणि टाच दोन्ही ऐकू येतात.

तिसरी पेटी संस्कृत. द्वारपाल, क्षेत्रपाल, दिक्पाल, लोकपाल (हाही आता नोकरीला लागला). हे धर्माने, मठाने किंवा थेट विश्वाच्या व्यवस्थेने नेमलेले.

ह्या पेट्या सारख्या एकमेकींत उघडतात. 'राखणदार' हा शब्दच पाहा: राखण आपली, '-दार' फारसी. कोकणात आणि गोव्यात जागेच्या अदृश्य धन्याला सर्रास राखणदार म्हणतात आणि त्यातला फारसी सांधा कोणाला खुपत नाही. उलट बाजूने, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी दरबारातल्या पदांची फारसी नावं जाणीवपूर्वक बदलली गेली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. राज्यव्यवहारकोश (कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश) रचला गेला तोही ह्याच धोरणातून. माणसं तीच, काम तेच, पेटी बदलली, आणि राज्य कोणाचं हे पदाच्या नावातून बोलू लागलं. तुमच्या काल्पनिक देशात सत्ता बदलली असेल तर दोन पानं इतिहास सांगू नका. म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडी जुनी पदवी ठेवा आणि तरुण शिपायाच्या तोंडी नवी.

पदव्या झिजतात, हेही वापरण्यासारखं आहे. ज्याच्या कमरेला गडाच्या किल्ल्या असत, तो हवालदार आज आपल्याला पोलीस चौकीत भेटतो. फडणीस, चिटणीस, सरनाईक ही पदं होती, आता दारावरच्या पाट्या आहेत. तीनशे वर्षांनंतरच्या भागात तुमच्या महान रक्षकाची पदवी कोणा कारकुनाचं आडनाव झालेली दाखवलीत, तर वाचकाच्या काळजात काहीतरी हलेल.

एक गोष्ट मात्र कानाला गोड लागते म्हणून उचलू नका. 'वेसकर' हा शब्द सुंदर आहे. पण गावाची वेस राखणारा वेसकर महार समाजाचा असे आणि त्याची स्वतःची वस्ती त्याच वेशीच्या बाहेर असे. ज्याने दार सांभाळायचं त्यालाच दाराबाहेर ठेवायचं, हा त्या शब्दाचा इतिहास आहे. तो पेलायची तयारी असेल तर जरूर वापरा. त्याच्याइतका धारदार शब्द दुसरा नाही. नुसती सजावट म्हणून मात्र नको.

आपल्या घाटवाल्यासाठी मी तिन्ही नेमणाऱ्यांच्या तोंडचा एकेक शब्द काढला. राजाने नेमलं तर: घाटनाईक. घाटमाथ्यावरच्या मठाने नेमलं तर: मार्गपाल. मिठाच्या बैलवाल्यांनी आपणच नेमलं तर? तो शब्द पुढच्या पायरीत.

३. एकाला तीन नावं

सेनापती हंबीरराव मोहित्यांचं मूळ नाव हंसाजी. प्रतापराव गुजरांचं कुडतोजी. आज हंसाजी किती जणांना आठवतो? पदवीने नाव गिळलं. आणि तरी, घरात त्यांना कोणीतरी हंसाजीच म्हणत असणार.

म्हणून राखणदाराला तीन नावं द्या. घरचं, दरबारचं आणि लोकांनी ठेवलेलं. तिन्ही कथेत आली पाहिजेत असं नाही, पण तुमच्या वहीत असू द्या. कोण कुठल्या नावाने हाक मारतं ह्यावरून नातं कळतं, आणि संवादात 'तो म्हणाला, ती म्हणाली' ह्याची गरज निम्म्याने कमी होते.

लोकांचं नाव घडवणं सगळ्यात मजेचं. आपल्याकडे त्याला तयार साचे आहेत. पुरुषाला '-बा' किंवा '-ओबा': खंडोबा, बिरोबा, म्हसोबा. बाईला '-आई', '-जाई': तुकाई, सोमजाई, वाघजाई. रोजच्या सलगीला '-या'. ह्या प्रत्ययांत बाप आहे, आई आहे. त्यामुळे कितीही उग्र शब्दाला ते लावले तरी माणूस जवळचा वाटतो.

आता माझ्या वहीतलं पान जसंच्या तसं. मोजतो म्हणून पहिल्यांदा लिहिलं 'मोजोबा'. मोजे आठवले, खोडलं. 'खडोबा' फार खंडोबासारखं, खोडलं. 'दगडोबा' ही तर शिवी. 'रांजणोबा' बरं होतं, पण धुक्यात हाक मारायला लांब. शेवटी एक मात्रा आणि एक ओठांचा गोल काढून टाकला: 'रांजणबा'. राहिलं.

घरचं नाव मी 'धोंडू' ठेवलं आणि त्यात एक मराठी रिवाज लपलेला आहे. आधीची मुलं दगावली की पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम धोंडू, दगडू, केरू, भिकू असं ठेवत, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे काही नेण्यासारखं नाही. तिथे नाव हाच राखणदार. आता ज्याचं नाव धोंडा, तोच खड्यांवरून माणसं मोजत बसलाय. हे मी कथेत कुठेही समजावून सांगणार नाही. फक्त त्याची आंधळी आई घाटाखाली येऊन "धोंडू रे" म्हणेल.

४. सांधे तपासा

संस्कृत पेटी उघडली असेल तर ही पायरी टाळू नका, नाहीतर जाणता वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.

शब्द नुसते शेजारी ठेवून समास होत नाही. दिश् आणि पाल मिळून दिक्पाल होतो, 'दिशपाल' नाही. तमस् आणि हर मिळून तमोहर. ज्योतिस् आणि धर मिळून ज्योतिर्धर. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. समासाच्या पहिल्या पदातला तत्सम इकार ऱ्हस्व राहतो: रात्र दीर्घ झाली तरी 'रात्रिपाल' लिहायचं, 'भूमिपाल' लिहायचं. तेच पद शेवटी आलं की मराठीत दीर्घ: गणपती, सेनापती.

शिवाय अर्थ तपासा. 'निशाचर' ऐकायला पहारेकऱ्यासारखा वाटतो, पण तो राक्षस किंवा घुबड. संस्कृत जमत नसेल तर देशी पेटीकडे वळा. तिथे चुकायला जागा कमी आणि मजा जास्त.

५. बाई असेल तर

इथे नवे लेखक हमखास घसरतात. किल्लेदार पुरुष, म्हणून बाई 'किल्लेदारीण' केली. पण मराठी वाचकाला किल्लेदारीण म्हणजे किल्लेदाराची बायको, जशी पाटलाची पाटलीण. 'द्वारपालिका' व्याकरणात बसते, पण वाचली की घरपट्टीची नोटीस आठवते. 'रणरागिणी' तर वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केली आहे.

सोपा उपाय असा की पदवीला हातच लावू नका. आपण 'ती सरपंच आहे', 'ती कलेक्टर आहे' म्हणतोच की. मराठीत लिंग सांगायचं काम क्रियापद करतं. 'घाटनाईक पायऱ्या उतरून आली आणि तिने शिंग फुंकलं.' 'आली' ह्या एका शब्दावर वाचकाच्या मनातला मिशाळ माणूस विरघळतो. हा धक्का इंग्रजीत इतक्या स्वस्तात मिळत नाही, तो फुकट घालवू नका.

दुसरा उपाय '-आई' आणि '-जाई'. पण त्याने ती लगेच देवी होते. तसं हवं असेल तरच.

६. सहा वाक्यांची चाचणी

मराठीत नाव एका जागी स्वस्थ बसत नाही. त्याला ने, ला, चा, त, हून लागतात. म्हणून नाव पक्कं करण्याआधी सहा वाक्यं लिहा: तो काही करतो, त्याला कोणी काही देतं, त्याची एखादी वस्तू, त्याच्यावर कोणाचा विश्वास, त्याच्याहून मोठा कोण, आणि त्याला मारलेली हाक.

'झॅल्थोरियन' घेऊन बघा. झॅल्थोरियनने, झॅल्थोरियननं, झॅल्थोरियनच्याहून. तिसऱ्या वाक्याला जीभ गोळा होते. आता रांजणबा: रांजणबाने खडे मोजले. रांजणबाला भाकर दिली. रांजणबाची काठी. रांजणबावर भरवसा. रांजणबाहून जुना कोण? रांजणबा, मी चढतोय! कुठे अडखळत नाही.

पदवी आणि व्यक्तिनाम ह्यांत एक बारीक फरक आहे. पदवीचं सामान्यरूप होतं: घाटनाईक, पण घाटनाइकाला. पहारेकरी, पण पहारेकऱ्याला. माणसाचं नाव मात्र आपण बऱ्याचदा न मोडता वापरतो, 'सुनीलला' म्हणतो. त्यामुळे कथेच्या मध्यावर पदवीच नाव बनली, की लोक तिचं सामान्यरूप करणंही सोडून देतील. 'घाटनाइकाला विचार' म्हणणारे 'घाटनाईकला विचार' म्हणू लागतील. हे कोणाच्या लक्षात येवो न येवो, मला असं काही जमलं की दिवस चांगला जातो.

ह्याच पायरीत संबोधनही ठरवा. आपण देवाला अरे-तुरे करतो आणि हवालदाराला अहो-जाहो. म्हणून 'रांजणबा, तू' आणि 'घाटनाईक, तुम्ही'. तोच माणूस, पण बैलवाला एका वाक्यात 'तू' म्हणतो आणि राजाचा शिपाई दिसताच 'तुम्ही'वर येतो. मालवणीकडे जरा कान द्या. तिथलं गाऱ्हाणं ऐकलं असेल तर ठाऊक असेल: एक जण देवापुढे मागणं मांडतो आणि बाकीचे ठेक्यात म्हणतात, "व्हय म्हाराजा." राखणदाराशी बोलायची एक ठरलेली पद्धत असली की तो खरा वाटतो, वर्णनाची चार पानं कमी लागतात.

७. नावाला एक वस्तू बांधा

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. श्रद्धा अशी की वेतोबा रात्री गावाच्या फेरीवर निघतो, चालून चालून चपला झिजतात, मग नव्या लागतात. ह्या एका तपशिलात राखणदाराचं सगळं आलं: तो जागतो, चालतो, त्याला देह आहे, तो थकत असेल. 'महाप्रतापी रात्रिरक्षक' अशी पदवी देऊन ह्यातलं अर्धंही साधलं नसतं. नवस फेडायला आलेला माणूस झिजलेल्या तळव्याकडे बघत असेल, तेव्हा त्याला आणखी काय पुरावा हवा?

वस्तू लहान ठेवा, रोजच्या वापरातली. तलवार सोडून काहीही चालेल.

८. एकाहून जास्त राखणदार असतील तर

जोडी असेल तर नावं सारखी चालतात. विष्णूच्या दारातले जय आणि विजय सारखेच असायला हवेत, दाराच्या दोन बाजू त्या. पण चार-पाच जण असतील तर पहिलं अक्षर वेगळं ठेवा. काळनाथ, काळसेन, काळिका अशी रांग लावलीत तर वाचक तिसऱ्या प्रकरणात मागची पानं चाळत बसेल.

मोठा संच करायचा तर अष्टदिक्पालांकडून शिका. पूर्वेला इंद्र, दक्षिणेला यम, पश्चिमेला वरुण, उत्तरेला कुबेर. उपदिशांना अग्नी, निर्ऋती, वायू, ईशान. आठांपैकी एकाच्याही नावात 'दिशा' नाही की 'रक्षक' नाही. उलट घडलं: राखणदारांची नावं दिशांना चिकटली. आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य हे शब्द त्यांच्यावरूनच आले. जूनमध्ये बातम्यांत 'नैर्ऋत्य मोसमी वारे' ऐकताना आपण एका दिक्पालाचं नाव घेतो आणि आपल्या ते गावीही नसतं.

तुमच्या जगातही असंच करा. राखणदाराचं नाव एखाद्या वळणाला, वाऱ्याला, म्हणीला चिकटू द्या. आमच्या घाटाखालच्या गावात एखादा पोरगा घरी उशिरा आला की आई म्हणते, "तुझा खडा काढला का?"

९. पूर्ण बिरुदावली एकदाच

लांबलचक पदव्या हव्याच असतील तर हौस भागवून घ्या, पण एकाच प्रसंगात: दरबार भरलाय, चोपदार ललकारी देतोय. ह्या ललकारीची मजा तिच्या चढत जाणाऱ्या लयीत असते, अर्थ लावत कोणी बसत नाही. म्हणून लिहिताना मोठ्याने म्हणा, प्रत्येक बिरुद आधीच्यापेक्षा थोडं लांब ठेवा आणि शेवटचं आखूड. त्यानंतर पुस्तकभर छोटं नाव. दर पानावर 'नवचक्रमार्गधुरंधर' छापलं तर वाचक तेवढी जागा सोडून वाचायला लागतो.

१०. बाहेर काढण्याआधी

नाव इंटरनेटवर शोधा. ते कोणाचं कुलदैवत, आडनाव, पतसंस्था किंवा खताची बॅग निघणार नाही ह्याची खात्री करा. खऱ्या देवतेचं नाव निघालं तर बदला. लोकांची श्रद्धा तुमच्या खलनायकाला उसनी देऊ नका. मग ते घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या. लहान मूल उच्चारात अडखळलं तर नाव आखूड करा. आजी हसली तर कारण विचारा, तिच्या गावात त्या शब्दाचा भलताच अर्थ असू शकतो.

आणि नाव ठेवायचंच नाही, हाही एक पर्याय आहे. गावोगावी देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाईगुरं वाचवताना किंवा गाव राखताना पडलेली ही माणसं, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नावच कोरलेलं नाही. कथेत एखादा तरी राखणदार असा ठेवा.

नावांचा साठा कुठून करायचा, असं नवे लेखक नेहमी विचारतात. एसटी स्टँडवरचे फलक, जुनी गॅझेटियरं, गडांची आधीची नावं (राजगडाचा मुरुंबदेव, प्रतापगडाचा भोरप्या, प्रचंडगडाचा तोरणा), गावच्या जत्रेच्या पावत्या. पण सगळ्यात चांगला साठा घरातच असतो. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर 'प्रसन्न' ह्या शब्दाआधी दोन्ही घरांच्या कुलदैवतांची नावं छापलेली असतात, त्यांतली काही तुम्ही आयुष्यात कधी ऐकलेली नसतील. ती तशीच उचलू नका, त्यांची घडण बघा. कुठे '-जाई' लागलंय, कुठे '-नाथ', कुठे झाडाचं नाव आहे, कुठे पाण्याचं. पुढच्या वेळी रद्दीवाला येईल तेव्हा पत्रिकांचा गठ्ठा बाजूला काढा आणि वही घेऊन बसा.